गाडीला आलेलं बोलावणं

उस्ताद,

चार दिवसांपूर्वी नातीच्या फोनवर तिच्या गाडीच्या कंपनीचा निरोप आला आणि तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही. गाडी छोटी आहे, पांढरी, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तुमच्या गाडीसारखीच दिसते, कंपनी मात्र वेगळी. नात नर्सबाई आहे. चार गावांचं काम तिच्याकडे, स्कूटीवर पाठ मोडायला लागली म्हणून तिनं गाडी घेतली. ती ओट्यावर बसून फोन बघत होती आणि मी समोर सुपात ज्वारी निवडत होतो. ती म्हणाली, "आबा, ह्ये रिकॉल म्हंजी काय असतंय ओ? तुमी कारखान्याच्या वर्कशॉपात व्हता ना?" माझ्या हातातलं सूप कलंडलं. निवडलेली ज्वारी आणि खडे पुन्हा एक झाले. "गाडीला परत बोलावलंय," एवढंच मी म्हणालो आणि दाणे गोळा करायला खाली बसलो. तिला वाटलं, आबांना आता सूप धरवत नाही.

तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. तुमचा जीव ब्रेकच्या हातभर रबरी नळीनं घेतला. ती नळी मी बसवली होती, तुमच्या सांगण्यावरून, तुम्हीच दिलेल्या पेचकसानं. एवढं वर्कशॉपमधल्या सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या आधीची एक गोष्ट कुणालाच माहीत नाही, तुमच्या घरच्या वैनींनाही शेवटपर्यंत कळली नाही, आणि ती मला तुम्हाला सांगायची आहे. मला ती एकदम सांगता येत नाही. तुम्ही म्हणायचात, बिघाड बोनेटपासून शोधू नको, ड्रायव्हरच्या बोलण्यापासून शोध, तो कुठं अडखळतो ते बघ. तर मी अडखळेन. तुम्ही ऐका.

मी वर्कशॉपला लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. सातवी झालेली, कोरडवाहू रान भावाच्या हवाली केलेलं, आणि सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा वडिलांनी सभासद होताना एकच गोष्ट मागितली होती, पोराला तिथं चिकटवा. तुम्ही मला पहिल्या दिवशी विचारलंत, "इंग्रजी येतं का बे?" मी म्हणालो, एबीसीडी येते, जोडून वाचता येत नाही. तुम्ही भिंतीवर खडूनं दोन अक्षरं काढलीत, आर आणि ई. "ह्याला री म्हनत्यात. री म्हंजी पुन्हा. रीबोअर म्हंजी शिलिंडर आतून पुन्हा कोरला. रिमोल्ड म्हंजी टायर पुन्हा केला. रिवाइंडिंग म्हंजी जळालेली मोटार पुन्हा भरली. कुठं बी री दिसला की समजायचं, मेलेलं काहीतरी पुन्हा उठनार हाय." मागून एक जण म्हणाला, "अन् उस्ताद, रिटायर?" सगळे हसले. तुम्ही जराही न हसता म्हणालात, "तेच की. टायर पुन्हा. मला बी कारखाना रिमोल्ड करून घेतो का न्हाई बघ."

आणि खरंच तसं झालं. तुम्ही रिटायर झालात, हार घातले, नारळ दिला, आणि पुढच्याच हंगामाला दसऱ्यानंतर कारखान्याचा शिपाई सायकलवरून तुमच्या दारात. मळी आणि चिपाडाच्या वासात वाढलेल्या त्या गाड्यांचे आजार दुसऱ्या कुणाला कळत नव्हते. मग दर वर्षी बोलावणं यायचं. तुम्ही आठ दिवस आधीच पाने रॉकेलमध्ये धुऊन फडक्यात बांधून ठेवायचात, खाकी कपडे वैनींकडून धुऊन घ्यायचात, आणि शिपाई आला की विडी पेटवून म्हणायचात, "आलं व्हय? बघू. येतो म्हनावं जमलं तर." मग शिपाई वळला की हाक मारायचात, "आन् माझ्यासंगं त्यालाबी बोलवा म्हनावं, त्याच्याबिगर माझा हात चालत न्हाई." तो मी. मी हंगामी होतो, कायम कधी झालोच नाही. तुम्ही कायम होता तेव्हा तुमच्या शब्दावर आणि नंतर तुमच्या बोलावण्याला लटकून मी वीस-बावीस हंगाम काढले. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

शिपायाला एखाद्या वर्षी उशीर झाला तर मी तुमच्या दारात येऊन तळमळायचो. म्हणायचो, उस्ताद, आपणच जाऊन बघू ना. तुम्ही डोळे वटारायचात. "बिनबोलावता मी कुनाच्या लग्नात जेवलो न्हाई. कारखान्यात कावून जाऊ?" हा तुमचा कायदा. तो तुम्ही एकदाच मोडलात.

गाडीचं सांगतो. आपला शेतकी अधिकारी बदलून गेला तेव्हा त्याची छोटी गाडी तुम्ही घेतलीत. त्यानं ती ऊसनोंदणीला चिखला-ढेकळांतून फिरवून खिळखिळी केली होती. पण तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी मिळाली होती आणि तुम्ही तिला दुसऱ्याचा हात लागू देत नव्हतात. क्लचची तार दोनदा तुटली, दोन्ही वेळा बाजारात, भर गर्दीत. सेल्फ थंडीत अडकायचा, मग मी आणि शेजारचे दोघं धक्का मारायचो आणि तुम्ही आत बसून आमच्यावरच ओरडायचात. डाव्या बाजूचं मागचं दार आतून उघडत नव्हतं, त्यामुळे वैनींना खिडकीतून हात बाहेर काढून स्वतःला सोडवून घ्यावं लागे. त्या म्हणायच्या, "ह्या गाडीत बसायचं म्हंजी कोंडवाड्यात बसायचं." सायलेन्सरला भोक होतं, त्याला तुम्ही पत्र्याचा डबा कापून लावला होता आणि लांबूनच आवाज ओळखू यायचा. हे सगळं दिसणारं, ऐकू येणारं दुखणं. त्यानं कुणी मरत नाही. जे दिसत नाही ते बोनेटच्या आत, इंजिनापासून ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी ती नळी. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर ब्रेकचं पेडल हलकं राहतं. नळी फाटली की पेडल दगड होतं. चिरायला लागली की आधी बारीक सूं असा आवाज येतो आणि उभी गाडी थरथरते. ती थरथरत होती, उस्ताद. तुम्ही म्हणालात, कचरा आहे, पेट्रोल खराब. मीही मान हलवली.

मग ती दुष्काळाची दोन वर्षं आली. पहिल्या वर्षी ऊस गुडघ्याएवढाच राहिला आणि छावणीत जनावरांपुढं गेला. दुसऱ्या वर्षी तेवढाही नव्हता. कारखान्याच्या धुराड्यातून धूर आला नाही. दसरा झाला, दिवाळी झाली, शिपाई आला नाही. ऊसतोडीची माणसं ट्रॅक्टरवर संसार बांधून पश्चिमेकडं निघून गेली, दर वर्षीपेक्षा जास्त आणि दर वर्षीपेक्षा लवकर. टँकर एक दिवसाआड यायचा. ते पाणी इतकं खारट की रेडिएटरमध्ये पांढरा थर धरायचा. तुम्हाला आठवतं, मी नवीन असताना ट्रकच्या रेडिएटरमध्ये डबक्यातलं पाणी ओतलं होतं आणि तुम्ही माझ्या हातातून डबा हिसकून माझ्या तोंडापुढं धरला होता. "पी. आधी तू पी. तुला चालत आसंल तर इंजिनाला चालंल." मी प्यालो होतो, सगळ्यांसमोर. संध्याकाळी तुम्ही मला लाकडी मुठीचा पेचकस दिलात, तुमच्या स्वतःच्या पेटीतला, आणि म्हणालात, "पोटात दुखलं तर सांग." त्या दुष्काळात मात्र रेडिएटरला आणि माणसाला एकच पाणी होतं.

तुम्ही ओसरीवर बसून असायचात. पाने फडक्यात बांधलेले, कोपऱ्यात. कुणी आलं की तुमची नजर आधी त्याच्या हाताकडं जायची, कागद आहे का म्हणून.

कारखाना बंद असल्यामुळे त्याचं टपाल गावच्या पोस्टात साचायचं. पोस्टमास्तर ओळखीचा. एके दिवशी मला म्हणाला, "ह्यातलं वर्कशॉपवाल्यांचं काही असलं तर निवडून घेऊन जा, इथं उंदरं लागलीत." मी पोत्यात हात घातला. बहुतेक सगळं अधिकाऱ्यांचं होतं. एक लांब पांढरं पाकीट निघालं, इंग्रजीत छापलेलं, खाली आपल्या कारखान्याचं नाव आणि पत्ता. मी ते बाहेर येऊन लिंबाखाली फोडलं. आतल्या कागदावर वर मोठ्या अक्षरांत एक शब्द होता. आधी आर आणि ई. पुढचं सी ए एल एल, ते मला फोनवर रोज दिसायचं. री म्हणजे पुन्हा, कॉल म्हणजे बोलावणं. तुमच्या भिंतीवरचा खडू माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. मी पाकीट घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि नुसता कागद हातात धरून तुमच्या घराकडं जवळजवळ पळत आलो.

"उस्ताद, बोलावणं आलं."

तुम्ही विडी पेटवली नाहीत. "बघू जमलं तर" म्हणाला नाहीत. कागद माझ्या हातातून घेतलात, दूर धरलात, जवळ धरलात, आणि त्या शब्दावर बोट ठेवून म्हणालात, "री." नुसतं एवढंच. मग बोट पुढं सरकवून, "कॉल." मग वैनींना हाक मारलीत. "अगं ये, इंग्रजीत बोलावलंय या टायमाला! नवीन साहेब आला वाटतं." खालचे बारीक अक्षरांचे दोन परिच्छेद कुणी वाचायचे? तुम्हाला आणि मला दोघांना मिळून तेवढे दोनच तुकडे येत होते. कागदात मध्येच "ब्रेक" हा शब्द होता, तोही आपण ओळखला. तुम्ही म्हणालात, "बघ, कामबी लिहलंय. गाड्यांचे ब्रेक गेले आसतील उभ्या राहून." सगळं जुळत होतं. खोटं असतं तेव्हाच सगळं इतकं नीट जुळतं, हे मला आता या वयात कळतंय.

वैनींनी त्या दिवशी तुमचे खाकी कपडे धुतले. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता, घरात अडीच कळशा पाणी होतं, त्यातली एक त्यांनी कपड्यांना लावली. मी म्हणालो, वैनी, नुसते झटकून घाला की. त्या म्हणाल्या, "गप बसा भावजी. दोन वर्सांनी ड्यूटीला निघालेत, मळक्यानं जातेत व्हय?" तुम्ही जेवायला बसलात. भाकरी, ठेचा आणि पातळ डाळ. तुम्ही तिसरी भाकरी मागितलीत आणि वैनी चुलीपुढून माझ्याकडं बघून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण निघालो. गाडी धक्क्यावर सुरू झाली. तुम्ही खाकीत, मी खाकीत, मागच्या सीटवर पान्यांचं गाठोडं. रस्ताभर तुम्ही बोलत होतात, आधी कुठल्या ट्रकला हात लावायचा, कुणाच्या क्लचप्लेटा गेल्या असतील. मी खिडकीबाहेर वाळलेले फड बघत होतो. तुम्ही विचारलंत, "तुला आनंद झाला न्हाई का बे?" मी म्हणालो, झाला.

गेट बंद होतं. आतल्या रस्त्यावर गवत वाळून पडलं होतं. तुम्ही हॉर्न वाजवलात, दोनदा, मालकासारखा. हजेरी लिहिणारा टाइमकीपर कुठल्या तरी कागदपत्रांसाठी आला होता, तो आणि वॉचमन बाहेर आले, मागून कॉलनीत उरलेली चार-पाच माणसं. टाइमकीपर शिकलेला माणूस. तुम्ही काच खाली करून कागद पुढं केलात आणि म्हणालात, "हजर झालो म्हनून लिव्हा." त्यानं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद, हे कारखान्याचं नाही. गाडीच्या कंपनीचं आहे. या मॉडेलच्या गाड्यांच्या ब्रेकची एक नळी खराब निघालीय. गाडी त्यांच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन या म्हणतात, फुकट बदलून देतो. लवकर या म्हणतात, धोका आहे." त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. पण वॉचमननं ऐकलं आणि तो मागं वळून ओरडला, "आरं, गाडीला ड्यूटी लागली! उस्तादाला न्हाई, गाडीला बोलावलंय!" सगळे हसले. दोन वर्षांत त्या गेटवर कुणी हसलं नसेल, त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. एक जण गाडीच्या बोनेटवर थाप मारून म्हणाला, "जा बाई जा, तुझा तरी हंगाम सुरू झाला."

तुम्हीसुद्धा हसलात. मला ते हसणं दिसतंय. मग काच वर केलीत. काच अर्ध्यात अडकली, ती नेहमीच अडकायची, आणि तुम्ही ती वर होईपर्यंत फिरवत राहिलात, हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून.

परत येताना तुम्ही एकदाच बोललात. "कंपनी गाडीला इसरत न्हाई बघ. कुनाला इकली, कुठं गेली, तरी हुडकून बोलावती." आणि गावाजवळ आल्यावर कागद चुरगाळून खिडकीतून टाकून दिलात.

मी तुमच्या मागं लागलो होतो, हे तरी खरं आहे. चार दिवसांनी म्हणालो, उस्ताद, टाइमकीपर धोका आहे म्हणाला, बीडला नेऊन आणू गाडी. तुम्ही म्हणालात, "मला म्हाईत हाय तिथलं. मालकाला काचेच्या पल्याड खुर्चीवर बसवत्यात. कालची पोरं बोनेट उघडनार आन् मी काचेतून बघनार? मी? त्या कागदाचं नाव काढू नको." तो कागद नुसता कागद असता तर तुम्ही गेला असता. पण त्या कागदावर आता चार माणसांचं हसू होतं. तुम्ही स्वतः बोनेट उघडलंत, नळी वाकवून बघितलीत, तिच्यावर केसासारख्या चिरा होत्या. "आहे खरं," म्हणालात. मग भंगारातल्या एका ट्रॅक्टरची नळी कापून आणलीत, मापात बसली. तुमचं बोट संधिवातानं वळत नव्हतं, म्हणून नळी धरणारा क्लॅम्प मी आवळला. तुम्ही म्हणालात, "अजून अर्धा फेर." मी अर्धा फेर दिला. पेडल हलकं झालं. थरथर गेली. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "बघ. झालं ना रीकॉल."

ती नळी पाच महिने चालली.

त्या उन्हाळ्यात तुम्हाला कुणीतरी सांगितलं की पश्चिमेकडचा एक कारखाना ऑफ-सीझनच्या कामाला जुने फिटर बघतोय. बोलावणं नव्हतं, नुसती कानावर आलेली गोष्ट. तुम्ही मला न सांगता सकाळी एकटेच निघालात, खाकी घालून, पान्यांचं गाठोडं घेऊन. वैनी म्हणाल्या, मी विचारलं, कुनी बोलावलं का? तर तुम्ही म्हणालात, "जाऊन तर बघतो." एवढ्या वर्षांचा कायदा तुम्ही असा ओसरीवरून उतरता उतरता मोडलात. घाटाच्या उतारावर पेडल दगड झालं. समोर ट्रॅक्टर होता, परत येणाऱ्या ऊसतोड माणसांचा, वर बायका, पोरं, भांडी, कोंबड्या. त्यांच्यातल्या एकीनं मला नंतर सांगितलं, "म्हाताऱ्यानं आमच्याकडं बघितलं आन् गाडी डोंगराकडं वळवली." हँडब्रेक वर ओढलेला होता, गियर पहिल्यात होता. जे करता येतं ते सगळं तुम्ही केलं होतं. मी पोचलो तेव्हा तुम्हाला नेलं होतं आणि मी वेड्यासारखा बोनेट उघडत होतो. पोलीस ओरडला तरी मी बघितलं. क्लॅम्प जागच्या जागी होता, घट्ट. नळी त्याच्यापासून दोन बोटं पुढं उभी फाटली होती. लोक मला म्हणतात, म्हणजे तुझी चूक नाही. 

वैनी तुमच्यानंतर तीन वर्षं होत्या. मी जायचो. एकदा त्यांच्या चुलीपुढं बसलो होतो, त्यांनी भाकरी थापता थापता हात थांबवला आणि म्हणाल्या, "भावजी, त्या कागदाच्या दिवशी ते लई खूश व्हते ओ. तीन भाकरी खाल्ल्या. चुकीचं का आसंना, तुमी बोलावणं आनलंत." मी घास ताटात परत ठेवला. त्यांना वाटलं ठेचा तिखट झाला, त्यांनी पाणी पुढं केलं.

तेव्हापासून मी कुठल्याही गाडीत नीट बसलेलो नाही. एसटीत बसलो तरी ड्रायव्हरच्या पायाकडं कान. नातीची गाडी सपाट अंगणात उभी असते तरी मी तिच्या चाकाला दगड लावतो. ती म्हणते, "आबा, गाडी हाय, म्हैस न्हाई, खुंट्याला बांधायला." तो निरोप आला त्या दिवसापासून मी तिला गाडी काढू दिली नाही. ती चिडली, म्हणाली, लसीकरण आहे, मी काय चालत जाऊ? मी किल्ली कमरेला लावली आणि म्हणालो, आधी तिथं जायचं, मीबी येतो. काल आम्ही बीडला गेलो. रस्त्यानं मी तिला वीस वेळा ब्रेक दाबून बघायला लावला.

तिथं काच होती, उस्ताद. तुम्ही सांगितलं होतं तशीच. मला खुर्चीवर बसवलं. पलीकडे एक पोरगी, होय पोरगी, निळ्या कपड्यांत, बोनेट उघडून वाकली. मी उठून काचेला नाक लावलं. तिनं वर बघितलं आणि हातानं खूण केली, आत या. दार उघडून मला शेजारी उभं केलं, काढलेला जुना भाग माझ्या हातावर ठेवला, म्हणाली, "काका, बघा, इथं चिरलंय. पुढं गेली असती तर अवघड होतं." नवा बसवला. क्लॅम्प आवळला. माझ्या तोंडून निघून गेलं, अजून अर्धा फेर. ती हसली आणि तिनं अर्धा फेर दिला. सगळं मिळून अर्धा तास. मध्ये चहासुद्धा दिला. अर्ध्या तासाचं काम होतं ते. मी गाडीत येऊन बसलो आणि रडलो. नात घाबरली, म्हणाली, आबा, छातीत दुखतंय का? मी म्हणालो, नाही, चहा गोड होता.

आता जे राहिलं ते लिहितो. पाकिटावर नाव होतं. मला इंग्रजी वाचता येत नाही हे खरं, पण ते नाव मला येत होतं. शेतकी अधिकाऱ्याच्या दारावर तीच अक्षरं होती आणि मी त्या दारावरून कित्येक वर्षं गेलो होतो. लिंबाखाली उभा असताना मी ते वाचलं. तुमचं नाव नाही हे मला कळलं होतं. तरी मी पाकीट खिशात घातलं आणि नुसता कागद तुमच्या हातात दिला. तुमच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आलो. पण तुम्हाला बोलावणं आलं की मलाही येतं, हे मला माहीत होतं. मला कामावर जायचं होतं, उस्ताद. गेटपर्यंत जाईस्तोवर मला वाटत होतं की कदाचित खरं निघेल. मी ते पाकीट तुम्हाला ओसरीवर दाखवलं असतं तर तुम्ही तो कागद कुणाकडून तरी घरी वाचून घेतला असता, कुणी हसलं नसतं, आणि आपण कुरकुरत का होईना बीडला गेलो असतो.

ते पाकीट माझ्याकडं अजून आहे, पेटीत, पेचकसाला गुंडाळलेलं. हे कागद मी त्याच्यातच घालून ठेवणार आहे. टपालात टाकायचा प्रश्नच नाही. त्याच्यावर नाव तुमचं नाही, तेव्हाही नव्हतं.